छपराच्या पलीकडचं

औषधांच्या त्या गोदामाच्या कचेरीत तिला सगळे 'बाई' म्हणत, आणि ती सगळ्यांना गाढव म्हणे. अर्थात मनातल्या मनात, कारण आपण सभ्य आहोत अशी तिची समजूत होती. पण मनातलं तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ उमटे की ते वाचायला चष्मा लागत नसे.

एकतीस वर्षं ती तिथं होती. लागली तेव्हा इस्पितळांच्या मागण्या टेलेक्सवर येत, पुढे फॅक्सवर यायला लागल्या, आणि हिच्यासारख्या चौदाजणी त्या टाइप करत बसत. मग एके वर्षी यंत्रं आपसात बोलायला लागली. इस्पितळाच्या संगणकानं मागणी लिहायची, गोदामाच्या संगणकानं ती वाचायची, मध्ये माणसाचं काम नाही. चौदातल्या तेराजणी घरी गेल्या. ही राहिली, कारण नव्या पद्धतीचं आठशे पानांचं बाड तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. बाकीच्या तेराजणींनी ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं, असं ती सांगे. हे धादांत खोटं होतं. त्यांना ते बाड कुणी दिलंच नव्हतं. पण तिला ते सांगायला आवडे, आणि सांगून सांगून तिला ते खरंही वाटायला लागलं होतं.

तिचं काम कुणाला समजावून सांगायची वेळ आली की ती आधी कपाळाला आठी घाली. पण काम तसं अवघड नव्हतं. यंत्रानं धाडलेली मागणी म्हणजे शब्द आणि आकडे यांची एक लांबच लांब माळ असते, आणि मण्यांच्या मध्ये खुणा असतात. एक रकाना संपला की चांदणी. ओळ संपली की लाट. आणि एकाच रकान्यात दोन-तीन गोष्टी सांगायच्या असल्या तर त्यांच्या मध्ये छप्पर, म्हणजे कळफलकावर सहाच्या डोक्यावर असतं ते उलटं टोक. थंड ठेवा, छप्पर, गोठवू नका, छप्पर, उभं ठेवा. रकाना एक, सूचना तीन, आणि प्रत्येक सूचना म्हणजे तीन इंग्रजी अक्षरांचा एक संकेत.

कोणती खूण कशासाठी वापरली आहे, हे प्रत्येक मागणी आपल्या पहिल्याच ओळीत सांगून टाकते. त्या ओळीचं अकरावं घर बघायचं. तिथं छप्पर असलं तर पुढे जिथं जिथं छप्पर येईल तिथं तोडायचं. पण निम्मी इस्पितळं अजून जुन्या पद्धतीनं लिहीत, आणि त्यांच्या अकराव्या घरात इंग्रजी 'यू' हे अक्षर असे. त्या यूचा तोडण्याशी काडीचाही संबंध नव्हता. ते त्या पद्धतीचं नाव होतं, एवढंच. घर तेच, राहणारा वेगळा. म्हणून बाईनं एक यादी ठेवली होती: त्र्याऐंशी इस्पितळं, त्यांतली जुन्या चालीची कोण आणि नव्या चालीची कोण. कुणी चाल बदलली की ती यादीत बदल करी, आणि अकरा वर्षांत एकही मागणी चुकीची वाचली गेली नव्हती. यासाठी तिला कुणी कधी शाबासकी दिली नाही, कारण असं काही काम आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तिला त्याचा राग येत नसे. गाढवांकडून शाबासकी घेऊन करायचं काय, असा तिचा हिशेब होता.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. ताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, हिनं लग्न केलंच नव्हतं. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि दिवसभर खालून कानशीचा आवाज येई. ताई एका इस्पितळात औषधं द्यायच्या खिडकीवर होती. एकच गोष्ट चार वेळा विचारणाऱ्या माणसाला ती चार वेळा तेच उत्तर, त्याच आवाजात देई. बाईला हे ताईचं मठ्ठपण वाटे. तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला खिडकी बंद करून दाखवली पाहिजे, असं ती जेवताना म्हणे. ताई म्हणे, बरं, आणि वाढायला घेई.

तर या अशा कचेरीत एके दिवशी पडदेवाले साहेब आले.

मालकांनी त्यांना कामकाजात सुधारणा करायला आणलं होतं. ते काहीही बोलण्याआधी भिंतीवरचा पडदा खाली सोडायला सांगत, म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांना हे नाव पडलं. पडद्यावर बाण असत, गोल असत, गोलांतून निघून पुन्हा त्याच गोलात शिरणारे बाण असत. साहेबांचे दात चांगले होते आणि आपले दात चांगले आहेत हे त्यांना माहीत होतं. मागणी म्हणजे काय, हे त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही उघडून पाहिलं नव्हतं, पण मागण्यांचा 'प्रवास' या विषयावर ते पाऊण तास बोलले आणि कचेरीतल्या एकोणीस जणांनी टाळ्या वाजवल्या. बाईनं हात मांडीवर ठेवले होते, ते तिथंच राहिले.

शेवटी साहेबांनी तिला विचारलं, की आपल्याकडे दोन चाली का आहेत?

"कारण इस्पितळं दोन चालींची आहेत," ती म्हणाली.

साहेब गोड हसले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, की याला जुनं ओझं म्हणतात. यादी त्यांनी मागितली नाही, हिनं दिली नाही. त्या आठवड्यात त्यांनी नवी प्रणाली बसवून घेतली आणि त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी इस्पितळांपुढे 'नवी चाल' असं लिहून टाकलं. एका सपाट्यात एकसारखेपणा आला. पडद्यावर फार छान दिसला तो.

बुधवारी सकाळी दहाला गोदामप्रमुख हातात कागदांचा गठ्ठा घेऊन वर आला. दणकट, कमी बोलणारा माणूस. त्यानं कागद बाईच्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, हे 'इन्स' काय असतं?"

तिनं पाहिलं आणि तिला आतून उकळ्या फुटल्या. जुन्या चालीच्या प्रत्येक मागणीत, स्पेलिंगमध्ये जिथं जिथं यू होतं, तिथं तिथं नव्या प्रणालीनं शब्द कापला होता. अकराव्या घरात यू आहे ना, मग तोडायची खूण तीच, असं प्रणालीनं सरळ मानलं. त्यात तिचं काय चुकलं? तिला तसंच सांगितलं होतं. इन्सुलिनचं 'इन्स' आणि 'लिन' झालं होतं. ट्यूबचं एकटं 'टी' उरलं होतं. एका इस्पितळाच्या पत्त्यातला रस्ताच दुभंगला होता. सकाळपासूनची बरीच मागणी अशी तुकड्यातुकड्यांनी येऊन पडली होती, आणि साहेब टाय सैल करून इकडून तिकडे फिरत होते.

बाई जागची हलली नाही. पेन्सिलीला टोक काढत बसली. मालक स्वतः आले, साहेबांकडे पाहून म्हणाले, दोन तासांत नीट करा. आणि साहेबांनी ते खरंच दोन तासांत नीट केलं. यू तोडतंय काय? मग तोडणंच बंद. रकान्याच्या आत तोडायची सोय त्यांनी सगळ्यांसाठी सरसकट बंद करून टाकली. इन्सुलिन पुन्हा सबंध झालं, ट्यूब जोडली गेली, रस्ता सांधला गेला. पुन्हा टाळ्या झाल्या. एकानं तर साहेबांचा हात हातात घेतला.

याचा अर्थ काय, ते बाईला पाच मिनिटांत कळलं. तोडायचं बंद झालं म्हणजे नव्या चालीच्या इस्पितळांचं छप्परही आता खूण उरलं नाही, साधं अक्षर झालं. तीन सूचना आणि त्यांच्या मधली दोन छपरं हा आता एकच लांबलचक शब्द. आणि गोदामाच्या प्रणालीत त्या रकान्याची रुंदी तीन अक्षरांची. पहिली तीन अक्षरं आत, बाकीची बाहेर. 'थंड ठेवा' एवढं पोचणार. पहिल्या छपराच्या पलीकडचं सगळं गळून जाणार, आणि कुठंही लाल दिवा लागणार नाही, कारण प्रणालीच्या मते चुकलेलं काहीच नव्हतं.

तिनं काय करायला हवं होतं ते सांगायला नको. उठून चार पावलं टाकायची आणि मालकांना सांगायचं, की साहेब, 'गोठवू नका' ही सूचना आता गोदामापर्यंत पोचत नाही. एका दमात होण्यासारखं वाक्य. त्याऐवजी तिनं संगणकावर एक ओळ लिहिली. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली, इतकं तिला त्या ओळीचं कौतुक होतं. 'अकराव्या घरात आता कुणीच राहत नाही. छपराखाली जे राहत होते त्यांची जमल्यास चौकशी करावी.' मालकांना आणि साहेबांना धाडली आणि डबा खायला गेली. मालकांनी ती उघडली नाही. साहेबांकडून उलट टपाली वर केलेला एक अंगठा आला. तिनं तो अंगठा जपून ठेवला. एक दिवस हा माणूस तोंडावर आपटणार आणि तेव्हा हा अंगठा आपण सगळ्यांना दाखवणार, या विचारात तिचे पुढचे सहा दिवस मजेत गेले.

एक गोष्ट तिच्या लक्षात राहिली नव्हती. म्हणजे ठाऊक होती, पण डोळ्यांपुढे आली नव्हती, कारण तिनं गोदामाचा जिना कित्येक वर्षांत उतरला नव्हता. खाली थंड माल ठेवायच्या दोन खोल्या होत्या. एक आपल्या घरच्या फ्रिजइतकी थंड, दुसरी पार गोठवणारी. हमालांसाठी दारावर पाटी होती: 'गोठवू नका' असेल तर पहिलीत, नुसतं 'थंड ठेवा' असेल तर जिथं जागा असेल तिथं. त्या आठवड्यात पहिली खोली लसींच्या खोक्यांनी भरली होती. दुसरीत भरपूर जागा होती. हमालांनी पाटी वाचून काम केलं. त्या इमारतीत त्या आठवड्यात वाचून काम करणारे तेवढेच होते.

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला तिच्या टेबलावरचा फोन वाजला. ताईचा होता. एकतीस वर्षांत ताईनं कचेरीत फोन केला नव्हता, म्हणून आधी हिला वाटलं, घराला आग लागली.

"तुमच्याकडून आलेलं इन्सुलिन गोठलेलं आहे," ताई म्हणाली. "खोकं उघडलं तर बाटल्यांत बर्फ. गाडी आज लवकर आली म्हणून कळलं मला. दुपारी आली असती तर वितळून पाणी झालं असतं, आणि मी खिडकीतून देऊन मोकळी झाले असते."

गोठून वितळलेल्या इन्सुलिनमध्ये दम राहत नाही. दिसतं बरेचदा नेहमीसारखंच. माणूस सुई टोचून घेतो, घेतली म्हणून निर्धास्त राहतो, आणि साखर चढत जाते. हे बाईला ताईनंच कधीतरी जेवताना सांगितलं होतं आणि तेव्हा हिनं लक्ष दिलं नव्हतं.

फोन ठेवून ती उठली आणि जिना उतरली. गोदामप्रमुखानं तिला दारात पाहिलं आणि तो हातातलं काम टाकून उभा राहिला. तिनं त्याला सगळं सांगितलं, सरळ, एकही शब्द तिरका न घालता. त्यानं तेव्हाच निघायच्या बेतात असलेल्या दोन गाड्या थांबवल्या. मग ती वर आली आणि आपली यादी काढली. नव्या चालीची इस्पितळं एकोणचाळीस. त्यांतल्या सव्वीस ठिकाणी या सहा दिवसांत इन्सुलिन गेलं होतं. फोनवर बोलणं म्हणजे तिला शिक्षा वाटे. ताईचं इस्पितळ सोडून पंचवीस ठिकाणी तिनं फोन केले आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं: बाटल्या वापरू नका, दिसायला चांगल्या दिसल्या तरी नको, दिल्या असतील त्यांना शोधा. कुणी दोनदा विचारलं, कुणी चारदा. तिनं चारही वेळा सांगितलं.

साहेब त्या वेळात पडद्यासाठी नवं चित्र तयार करवून घेत होते.

तीन इस्पितळांनी बाटल्या दिल्याही होत्या. दोन ठिकाणी रोग्यांना वेळेवर गाठलं. तिसऱ्या ठिकाणच्या दोन माणसांची साखर चढली होती. एकाचं औषधावर निभावलं. दुसरी एका शाळेतली स्वयंपाकीण होती, ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली आणि तीन दिवस इस्पितळात होती.

त्या संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा बाई स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती. दिवसभरात आपलं काही चुकलं असं तिला अजून वाटलं नव्हतं. तिनं सगळं पडदेवाल्यावर घातलं, त्याच्या दातांसकट. मग म्हणाली की मी लेखी कळवलं होतं, आणि पुरावा म्हणून फोनवर ती ओळ काढून दाखवली. ताईनं चष्मा लावला. ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"मला नाही कळलं हे."

"तुझ्यासाठी नव्हतंच ते."

"त्यांना कळलं?"

"त्या गाढवांना काय कळणार?"

ताईनं चष्मा काढून मिटून ठेवला. "मग लिहिलंस कुणासाठी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खिडकीवर उभं राहून एखाद्याला, तुमची चिठ्ठी कुठंय, असं विचारावं तसा आवाज. खाली कानस चालू होती. ताईनं पदर खोचला आणि भांडी घासायला घेतली, आणि बाई आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसली. एवढी वर्षं ती लोकांना मठ्ठ म्हणत आली होती. मठ्ठ माणसाला कळेल असं सांगणं हे तिचं कामच होतं की, यंत्राइतकं मठ्ठ दुसरं कोण असतं? यंत्रासाठी ती एकेक खूण तपासून देत असे. माणसांना मात्र तिनं कोडं घातलं, आणि ते सोडवणार नाहीत अशी मनातून आशा केली. ही गोष्ट तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली आणि तिला आपली किळस आली.

पुढच्या सोमवारी चौकशीची बैठक झाली. पडदा खाली आला. साहेबांनी दाखवलं की ग्राहकांच्या लेखनात एकवाक्यता नसल्यामुळे संवादात दरी निर्माण झाली. एक बाण त्या दरीत पडताना दाखवला होता. एकोणीस माना डोलल्या. मालकांनी बाईला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय?

तिनं अंगठ्याचा कागद छापून आणला होता. तो बाहेर काढला नाही. आधी तिनं तोडायची सोय बंद झाल्यावर नेमकं काय गळलं ते सांगितलं, हमालांनाही समजेल अशा भाषेत. गोदामप्रमुख मागे भिंतीला टेकून होता, त्यानं मान हलवली. मग ती म्हणाली, "मला हे बुधवारीच कळलं होतं. मी सांगितलं नाही. टोमणा मारला आणि डबा खाल्ला."

मालकांना याचं काय करावं ते कळेना. कबुली ऐकायची त्या कचेरीत कुणालाच सवय नव्हती. साहेबांना मात्र लगेच कळलं. त्यांच्या तोंडावर सरळसरळ सुटका पसरली. ते म्हणाले की बाईंचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे. चार महिन्यांनी ते याहून मोठ्या जागी, याहून मोठ्या पडद्याकडे गेले. निरोपाच्या भाषणात त्यांनी या प्रसंगातून आपण सगळे किती शिकलो ते सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईला ताकीदपत्र मिळालं. एका पानात सात चुका होत्या, त्यांतली एक तिच्या हुद्द्यात. तिनं त्या पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि सही करून परत दिलं. त्र्याऐंशी इस्पितळांची यादी प्रणालीत घालून घेतली. तोडायची खूण आता ज्याच्या त्याच्या पहिल्या ओळीतून वाचली जाई, आणि रकान्यात एकाहून जास्त सूचना आल्या तर त्या सगळ्या, एकाखाली एक, खाली गोदामात छापून निघत. हे दीड दिवसाचं काम होतं.

ती स्वयंपाकीण घरी आली तेव्हा बाई तिला भेटायला गेली. ताईला बरोबर येतेस का म्हणून विचारलं, तर ताई म्हणाली, तू जा. तीन जिने होते. स्वयंपाकीण खुर्चीवर बसून कापडाच्या घड्या घालत होती, मोठ्या हातांची, रुंद बांध्याची. हिनं दारातच वाक्य तयार ठेवलं होतं: तुम्हाला जे झालं त्यात माझी चूक आहे. तिनं ते म्हटलंही. स्वयंपाकीण जरा गोंधळली आणि म्हणाली, "तुम्ही इस्पितळातल्या का? मग माझ्या चपलांचं बघा ना. पलंगाखाली राहिल्यात. तपकिरी, एकीचा पट्टा शिवलेला."

बाईनं पुन्हा सांगून पाहिलं. खुणा, रकाने, गोदाम. स्वयंपाकिणीनं सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की होतं असं कधीकधी, पण चपला बऱ्या होत्या हो.

तेव्हा ती दुसऱ्या दिवशी अर्धी रजा काढून त्या इस्पितळात गेली. वॉर्डातला सेवक म्हणाला, चपला नाहीत. ती म्हणाली, पलंगाखाली बघा. तो म्हणाला, बघितलं. तिनं त्याला चारदा सांगितलं, त्याच आवाजात. शेवटी त्यानं जिन्याखालची एक पेटी उघडली. त्यात राहून गेलेल्या चपलांचा ढीग होता. तिनं गुडघे टेकून एकेक वर काढली. तपकिरी एक जोड मिळाला, पण पट्टे दोन्ही धड होते. तोच घेऊन ती तीन जिने चढली.

स्वयंपाकिणीनं चपला उलटसुलट करून पाहिल्या. "या माझ्या नाहीत," ती म्हणाली, आणि पायात घालून खोलीभर चालून आली. "पण होतायत. राहू देत."